काटा एकच, झीज वेगळी

कर्करोगाच्या ओपीडीत डॉक्टरांआधी भेट होते ती वजनकाट्याची. नागपुरात मानेवाडा रोडचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय असो की वर्धा रोडवर जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, गडचिरोली-यवतमाळहून रात्रभर प्रवास करून आलेला रुग्ण चपला काढून काट्यावर उभा राहतो आणि आकडा केसपेपरवर चढतो. नातेवाइकांची नजरही त्याच आकड्यावर असते. पण पुरुषाचे घटलेले पाच किलो आणि बाईचे घटलेले पाच किलो यांचा हिशेब एक नसतो.

कर्करोगात माणूस खंगतो, त्याला वैद्यकात कॅकेक्सिया म्हणतात. 2011 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्याची व्याख्या पक्की केली. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर हे खंगणं सुरू झालं असं समजावं. मुळातच बारीक असलेल्या किंवा स्नायू कमी असलेल्या रुग्णात दोन टक्क्यांहून जास्त घटही पुरेशी ठरते. उपाशी माणसाला पोटभर जेवण मिळालं की तो सावरतो. इथे तसं होत नाही. गाठीमुळे शरीरात दाह पेटलेला असतो, भूक मरते आणि स्नायू वितळत राहतात. नुसतं खाऊ घालून ही झीज पूर्ण भरून निघत नाही.

आता स्त्री-पुरुषांतला फरक. निरोगी पुरुषाच्या अंगावर सरासरी 33 किलो स्नायू असतात, बाईच्या अंगावर 21 किलो. बाईच्या वजनात चरबीचा वाटा मोठा. म्हणून कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर सीटी स्कॅनमध्ये स्नायूंचं क्षेत्रफळ मोजतात, तेव्हा दोघांसाठी धोक्याच्या रेषा वेगळ्या धराव्या लागतात. कॅनडातल्या 441 फुप्फुस-कर्करुग्णांची अशी मोजणी 2010 साली प्रसिद्ध झाली. त्यात 61 टक्के पुरुषांचे स्नायू या रेषेखाली होते, बायकांपैकी 31 टक्क्यांचे. पुरुषांचे स्नायू जास्त झिजतात, असं इतर अनेक अभ्यासांतही दिसलं आहे. त्यामागचं एक कारण टेस्टोस्टेरॉन. स्नायू राखणारं हे संप्रेरक वाढलेल्या कर्करोगात बऱ्याच पुरुषांत घसरतं आणि वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनसारख्या औषधांनी आणखी उतरतं.

विदर्भातल्या पुरुषांच्या बाबतीत त्यात खर्ऱ्याची भर पडते. पानठेल्यावर पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना वर्षानुवर्षं गालात धरला की तोंडाची आतली कातडी ताठर होते. आधी तिखट सोसेनासं होतं, मग तोंड दोन बोटांपुरतंही उघडत नाही. त्यातून कर्करोग झाला, तर निदान होईपर्यंत भाकरी सुटलेली असते आणि गडी वरणाच्या पाण्यावर आलेला असतो. पुढे रेडिएशनने तोंड सोलवटतं. उपासमार आणि कॅकेक्सिया अशा दोन्ही बाजूंनी त्याचे स्नायू जातात. ही झीज उघड्या डोळ्यांनी दिसते. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं, शर्ट खांद्यावरून लोंबतो, गल्लीत चर्चा होते.

बाईचं तसं नाही. स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपीच्या काळात अनेकींचं वजन उलट वाढतं. स्टेरॉइड, थकव्याने थांबलेली हालचाल आणि अकाली बंद झालेली पाळी यांमुळे चरबी चढते आणि तिच्याआड स्नायू घटत जातात. भेटायला आलेले म्हणतात, तब्येत सुधारली. अंडाशयाच्या कर्करोगात पोटात पाणी भरतं, काटा हलत नाही, पण बांगड्या मनगटावरून सरकून कोपरापर्यंत जातात. ब्लाउजच्या बाह्या ढिल्या होतात. काट्यापेक्षा त्या बाह्यांवर विश्वास ठेवावा.

स्नायूंच्या या झिजेचा संबंध थेट औषधाशी आहे. केमोचा डोस सहसा उंची आणि वजनावरून काढतात. पण पुष्कळ औषधं चरबीविरहित शरीरात पसरतात. दोन बायकांचं वजन सारखं असलं, तरी जिचे स्नायू कमी तिला तोच डोस जड जातो. आतड्याच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या फ्लुरोयुरॅसिलबाबत 2007 साली हे दिसून आलं, आणि त्रास बायकांना जास्त झाला.

मराठी माणसाला ही गोष्ट अधिक लागू पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका 22.3, पण चरबी याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के, युडकिनांच्या 9.1 टक्के. आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीदार. स्नायूंची शिल्लक आधीच कमी, मग आजारपणात खर्चायला उरतं किती?

खंगण्यावर नवी औषधं येत आहेत. जपानने 2021 साली अ‍ॅनामोरेलिनला मान्यता दिली, पोनसेग्रोमॅबच्या चाचणीतही 2024 साली वजन वाढलेलं दिसलं. तोवर आधार रोजच्या ताटाचा आणि हालचालीचा. कर्करुग्णाला किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला 50 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ. तोंड आलेलं असेल, तर सावजी रस्सा बाजूला ठेवून मऊ खिचडी, पातळ वरण, दही, अंडं कालवून द्यावं. घराघरांत सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाईच रुग्ण असेल, तर तिचं ताट आधी वाढायला हवं. झेपेल तितकं चालणं आणि उठबस डॉक्टरांना विचारून चालू ठेवावी.

घरी एक टेप पुरे. बसून पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. आशियाई निकषांनुसार पुरुषात 34 सेंटिमीटरपेक्षा आणि बाईत 33 पेक्षा कमी भरला, तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. मात्र पाय सुजले असतील तर हे माप फसवतं. दर पंधरा दिवसांनी वजन आणि पोटरी एकाच वहीत लिहा. साठ किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत तीन किलोंहून जास्त गेले, किंवा वजन तेवढंच राहून पोटरी बारीक झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता ती वही डॉक्टरांना दाखवा आणि आहारतज्ज्ञाची भेट मागून घ्या.