प्रोबायोटिकची कॅप्सूल आणि मधुमेह : फायदा नेमका किती?

‘प्रोबायोटिकची कॅप्सूल सुरू केली, तर साखरेची गोळी बंद करता येईल का?’ हा प्रश्न आम्हांला सारखा विचारला जातो. उत्तर आधीच सांगून टाकतो : नाही. पण म्हणून कॅप्सूल अगदीच निरुपयोगी आहे, असंही नाही. तिचा उपयोग किती आणि कुठपर्यंत, ते आज आपण पाहू.

आधी शब्दाचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली व्याख्या केली : पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव, म्हणजे प्रोबायोटिक. घरचं दही चांगलंच, पण विरजणात कोणते जिवाणू किती आहेत आणि त्यांचा फायदा सिद्ध झालाय का, हे ठाऊक नसतं. म्हणून काटेकोरपणे बघितलं तर प्रत्येक दही प्रोबायोटिक ठरत नाही.

आता आतड्याचा साखरेशी संबंध काय? आपण खाल्लेले तंतुमय पदार्थ आपल्याला पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. ती आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि तिथल्या काही पेशींना जीएलपी-१ हे संप्रेरक सोडायला लावतात. जेवणानंतर इन्सुलिन स्रवायला हे संप्रेरक मदत करतं. उलट अस्तर कमकुवत झालं, तर जिवाणूंचे तुकडे रक्तात शिरतात, मंद दाह सुरू राहतो आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. यातला बराच भाग उंदरांवरच्या प्रयोगांतून कळला आहे, हे मात्र ध्यानात ठेवू या.

माणसांवर काय दिसलं? टाइप २ मधुमेहाच्या अनेक छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले, तर एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ०.२ ते ०.४ नं उतरलेला दिसतो. मेटफॉर्मिननं तो साधारण १ किंवा थोडा जास्त उतरतो. समजा, एखाद्याचा आकडा ८.५ आहे. कॅप्सूलनं तो फार तर ८.१ ते ८.३ होईल, बऱ्याच जणांचं उद्दिष्ट असतं ७. आता कॅप्सूलच्या भरवशावर गोळी सोडली, तर आकडा वरच जाणार. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात एचबीए१सी १ नं कमी असणाऱ्यांत डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला होता. म्हणजे प्रश्न नुसत्या आकड्याचा नाही, नजरेचा आणि मूत्रपिंडाचा आहे.

फायदा इतका थोडा का? एक तर या चाचण्या बहुधा दोन-तीन महिन्यांच्या, आणि प्रत्येकीत जिवाणू निराळे. दुसरं, बाहेरून आलेले जिवाणू सहसा पाहुण्यासारखे असतात. आतड्यात आधीपासून राहणारे त्यांना सहजी जागा देत नाहीत. ॲमस्टरडॅममध्ये लठ्ठ, इन्सुलिनला दाद न देणाऱ्या पुरुषांच्या आतड्यात सडपातळ माणसांच्या विष्ठेतले जिवाणू सोडून पाहिले. सहा आठवड्यांनी सुधारणा दिसली, अठरा आठवड्यांनी ती मावळली. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं.

मग नवे पाहुणे आणण्यापेक्षा घरच्यांनाच नीट जेवायला घातलं तर? शांघायच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तेच दाखवलं. सगळ्या रुग्णांना अ‍ॅकार्बोज हे औषध चालू होतं. भरपूर आणि विविध तंतुमय आहार घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणांचा एचबीए१सी ७ च्या खाली आला, नेहमीच्या सल्ल्यावर असणाऱ्यांपैकी निम्म्यांचाच. अभ्यास लहान होता, पण त्यात औषध कुणी सोडलं नव्हतं, हे महत्त्वाचं. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हरभरे, पालेभाज्या हेच काम करतात. प्रमाण हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सावधगिरीची एक गोष्ट. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिल्यावर मृत्यू वाढल्याचं नेदरलँड्समधल्या चाचणीत २००८ साली दिसलं. म्हणून गंभीर आजारात किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असताना ही कॅप्सूल मनानं घेऊ नये.

एक प्रश्न आलाय : ‘आधीच सुरू केली आहे, मग बंद करू का?’ असं करा. डब्यावर जिवाणूचं पूर्ण नाव, संख्या आणि मुदत दिली आहे का, ते बघा. आज एचबीए१सी तपासा. औषध आणि आहार आहे तसाच ठेवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. फरक नसेल, तर कॅप्सूल थांबवा आणि तो पैसा भाजी-कडधान्याकडे वळवा. फरक दिसला, तर दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की नाही, ते त्यांना ठरवू द्या.