एंजिनाची रोजनिशी

सातारा रोडच्या कूपर कारखान्यांतील तेलएंजिन आणि किर्लोस्करवाडीचा पंप कृष्णाकांठच्या मळ्यांतून चालतांना ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना एंजिनाची प्रकृति ओळखण्याची जुनी रीत सांगावयास नको. जाणता मळेकरी धुराचा रंग पाही, ठोका ऐके, एंजिनांतून निघणाऱ्या पाण्याखालीं हात धरी, आणि ‘आज याचें कांहीं तरी बिनसलें आहे’ असें सांगे. ही परीक्षा बहुधा खरी ठरे. तिची नोंद मात्र कोठेंच होत नसे.

विमानाच्या एंजिनापाशीं असें कोणी उभें राहूं शकत नाहीं. वैमानिक समोरच्या तबकड्यांवरील आंकडे ठराविक वेळानें वहींत टिपून ठेवीत. परंतु दोन टिपणांच्या मधल्या काळांत काय घडलें, हें वहीला ठाऊक नसे. आतां हें काम एंजिनालाच जोडलेलें यंत्र करतें.

कोयना धरणाच्या सोयीसाठीं 1955 सालीं कराड येथें धावपट्टी बांधली गेली. तिच्यावर उतरूं शकेल असें एखादें लहान विमान डोळ्यांसमोर आणावें. त्याच्या एंजिनाला बहुधा चार किंवा सहा सिलिंडर असतात. प्रत्येकाच्या माथ्याशीं एक आणि जळका वायु नेणाऱ्या नळींत एक असे उष्णतामापक बसवितात. दोन भिन्न धातूंच्या तारांचा जोड तापला कीं अत्यल्प विद्युद्दाब उत्पन्न होतो; तो मोजला कीं उष्णतामान कळतें. तेलाचा दाब, इंधनाचा प्रवाह आणि फेऱ्यांची गति यांसह हे आंकडे यंत्र दर कांहीं सेकंदांनीं टिपतें. उड्डाणानंतर ते लहानशा कार्डावर उतरवून संगणकावर त्यांचा आलेख पाहावयाचा.

त्या आलेखांत पुष्कळ कांहीं दिसतें. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायु बाहेर सोडणारी झडप, कडेनें जळूं लागली म्हणजे त्या एकाच सिलिंडरच्या वायूचें उष्णतामान सावकाश, साधारणतः मिनिटाला एकदां, वरखालीं होऊं लागतें. कारण ही झडप चालतांना हळूहळू स्वतःभोंवतीं फिरते, आणि तिची जळकी बाजू फिरून फिरून त्याच जागीं येते. तबकडीवर ओझरती नजर टाकणाऱ्या वैमानिकाला हा चढउतार जाणवत नाहीं. आलेखावर तो लाटेसारखा उमटतो. मग झडप तुटण्यापूर्वींच सिलिंडर उघडतां येतो. जमिनीवर हा चार दिवसांचा खोळंबा. सह्याद्रीच्या माथ्यावर तोच प्रसंग जिवावरचा.

मोठ्या विमानांतील नोंद अपघातांतूनहि वांचावी अशी व्यवस्था असते. तिला ‘काळी पेटी’ म्हणतात. रंग मात्र नारिंगी! 12 जून 2025 रोजीं अहमदाबादेस कोसळलेल्या एअर इंडियाच्या विमानांत अशा दोन पेट्या होत्या. मागची इतकी बिघडली होती कीं नेहमीच्या रीतीनें तिच्यांतून कांहीं काढतां आलें नाहीं. पुढचीतून दिल्लीच्या प्रयोगशाळेंत सुमारें 49 तासांची नोंद निघाली. प्राथमिक अहवालाप्रमाणें, विमान उचलल्यावर कांहीं क्षणांतच दोन्ही एंजिनांच्या इंधनाचे खटके सुमारें एका सेकंदाच्या अंतरानें बंद स्थितींत गेले, दहा ते चौदा सेकंदांनीं पुन्हा चालू स्थितींत आले, आणि एंजिनांतील वायूचें उष्णतामान वाढूं लागलें. म्हणजे तीं पुन्हा पेट घेत होतीं. हें सारें आंकड्यांवरूनच कळलें, पण 260 माणसें गेल्यानंतर.

लहान विमानाच्या मालकाला तेवढें थांबण्याचें कारण नाहीं. तरी पुष्कळ जण हें महागडें यंत्र बसवितात आणि त्याची नोंद कधीं उघडीत नाहींत, हें नवलच. यंत्राची स्मरणशक्ति मर्यादित असते. ती भरली कीं नव्या नोंदी जुन्यांवर चढतात, आणि नेमक्या हव्या त्या दिवसाचा मागमूस उरत नाहीं. घड्याळ चुकीचें लावलेलें असेल, तर आलेख कोणत्या उड्डाणाचा हेंच समजत नाहीं. म्हणून कार्ड ठराविक मुदतीनें रिकामें करावें, त्यावर तारीख घालावी, आणि एंजिन धडधाकट असतांनाचा एक आलेख वेगळा जपून ठेवावा. पुढें शंका आली म्हणजे ताडून पाहावयाला तोच लागतो.