दिव्याखालची गटारं

शाळेत आम्ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा शिकवतो, गटारं नाही. क्रिमियन युद्धात इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या सलीमिया बराकीत ब्रिटिशांचं लष्करी रुग्णालय होतं. नोव्हेंबर १८५४ मध्ये ती ३८ परिचारिकांसह तिथे पोहोचली. सेवेत कसूर नव्हती, तरी मृत्यू वाढतच गेले; फेब्रुवारीत तर रुग्णांपैकी सुमारे ४२ टक्के दगावले. इमारतीखाली गटारं तुंबलेली होती. मार्च १८५५ मध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्याला नुसता अहवाल लिहायचा नव्हता, कामं करवून घेण्याचा अधिकार होता. सरकारचा खरा निर्णय हाच! गटारं उपसली, मेलेली जनावरं हटवली, हवा खेळती केली. जूनमध्ये प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आलं. गटारांचा हा हिशेब खुद्द नाइटिंगेलला उमगला तो इंग्लंडला परतून आकडे मांडल्यावर.