टकटकणारी डिस्क आणि सीताबर्डीचा दगड

“आजोबा, बाबांचा लॅपटॉप असा टकटक काऊन करून राहिला?”

सांगतो, पोरी. पण त्यासाठी आधी सीताबर्डीच्या टेकडीवर जावं लागेल. तिथला काळा दगड बघितला आहेस ना? तो बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून लाव्हा उसळला आणि थरावर थर पसरत गेला. त्या अफाट पसाऱ्याच्या पूर्वेच्या काठावर आपलं नागपूर वसलेलं आहे. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात या भागातले दगड आणि जीवाश्म अभ्यासले होते.

त्या लाव्ह्यात मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे बारीक कण होते. कन्हान नदीच्या वाळूतून लोहचुंबक फिरवलंस की काळे कण चिकटून येतात, तेच हे. ५८० अंश सेल्सिअसच्या वर त्यांचं चुंबकत्व टिकत नाही. लाव्हा निवत गेला, तसं प्रत्येक कणाचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला वळलं आणि तसंच थिजून गेलं. हे क्षेत्र विषुववृत्तापाशी आडवं असतं आणि ध्रुवाकडे जावं तसं तिरपं होत जातं. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी याच लाव्ह्यापासून बनलेल्या दख्खनच्या दगडांतला हा तिरपेपणा मोजून प्रसिद्ध केला. त्यातून काय कळलं ठाऊक आहे? लाव्हा वाहत होता तेव्हा आपला भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता! जे पाहायला कुणी माणूस नव्हता, ते दगडाने लक्षात ठेवलं होतं.

गंमत बघ, त्याच १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्यांवर मावणार फक्त ५० लाख अक्षरं. बाबांच्या लॅपटॉपमधली तबकडी तळहातावर मावेल, पण कारभार तोच. तिच्यावर कोबाल्टच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. त्यातल्या चिमुकल्या कणांची दिशा एकीकडे किंवा उलट, एवढ्यावर तुझे बारशाचे फोटो लिहिलेले आहेत.

ते वाचायचे कसे? तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्याबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेवर वाचणारं टोक, म्हणजे हेड, संक्रांतीच्या पतंगासारखं तरंगतं. तबकडी आणि हेड यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर. तुझा एक केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड! म्हणून डिस्क उघडून बघायचा मोह कधी करू नये. साधा धुळीचा कणसुद्धा तिथे डोंगराएवढा ठरतो. एका लहानशा हातावर बसून हे हेड तबकडीच्या कडेपासून मध्यापर्यंत ये-जा करतं.

आता तुझी टकटक. डिस्कची हलकी गुणगुण नेहमीचीच. तीच जर सतत घरघर झाली, तर तबकडी फिरवणारं बेअरिंग झिजलं असावं. आणि टक्, टक्, टक् असा ठेका धरला, तर समज की हेडला वाटेवरच्या खुणा सापडत नाहीत. हात मागे जातो, पुन्हा सुरुवातीपासून शोधतो, पुन्हा चुकतो. आपल्याकडचा मे महिना त्यात भर घालतो. पारा ४५च्या पुढे गेला आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला, की आतली गरम हवा बाहेर पडत नाही. त्या उष्णतेने कणांचं चुंबकत्व पुसलं जात नाही. थकतात ते मोटर, वंगण आणि हात.

हेच नीट ध्यानात ठेव, पोरी. आवाज करतात ते हलणारे भाग. लिहिलेलं बहुतेक सगळं अजून तबकडीवर शाबूत असतं. पण हेड एकदा तबकडीवर घासलं की तो थरच खरवडून निघतो, मग लिहिलेलंही जातं. म्हणून टकटक ऐकली की लॅपटॉप उगाच चालू-बंद करायचा नाही, आपटायचा नाही, हलवायचाही नाही. हाती आहे तेवढ्या वेळात आधी फोटो आणि महत्त्वाची कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यायची. डिस्क दिसतच नसेल, तर लॅपटॉप बंद करून जाणकाराकडे न्यायचा.

मग बाबांना म्हणावं, एसएसडी बसवून घ्या. तिच्यात फिरणारं काहीच नाही, माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते, त्यामुळे लॅपटॉपही चपळ होईल. मात्र ती बिघडते तेव्हा टकटक करून सांगत नाही. म्हणून दर महिन्याला बॅकअप घ्यायचा, आणि तो घरात एक, घराबाहेर एक असा दोन ठिकाणी ठेवायचा. ते काम आजपासून तुझं.