थायरॉइडची गाठ: रक्तातून कॅन्सर कळतो का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले जास्तीचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढलेत, बाकी सगळं तसंच आहे.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. ‘मावशीच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. सुईने तपासणी झाली, पण रिपोर्टमध्ये नक्की सांगता येत नाही असं आलं. डॉक्टर अर्धी ग्रंथी काढू म्हणतात. आजकाल रक्तातून कॅन्सर कळतो ना? मग आधी रक्तच का नाही तपासत?’

प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे उपचार सांगणार नाही. चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढंच बघू.

सुई कुठे अडकते?

आधी एक दिलासा. थायरॉइडमध्ये गाठी असणं खूप कॉमन आहे, विशेषतः बायकांत आणि वाढत्या वयात. तपासायला येणाऱ्या गाठींपैकी साधारण ७ ते १५ टक्केच कॅन्सरच्या निघतात. कोणती गाठ संशयास्पद आहे ते सोनोग्राफीत बघतात आणि तिच्यातून बारीक सुईने पेशी काढतात. हीच ती एफएनएसी. तिचा रिपोर्ट ‘बेथेस्डा’ पद्धतीने सहा गटांत देतात. दुसरा गट म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर. तिसरा आणि चौथा गट म्हणजे अधांतरी.

अधांतरी का? काही गाठींमध्ये, ज्यांना फॉलिक्युलर म्हणतात, साध्या आणि कॅन्सरच्या पेशी सारख्याच दिसतात. फरक एवढाच, की कॅन्सरच्या पेशी गाठीभोवतीचं आवरण किंवा रक्तवाहिनी फोडून बाहेर पडलेल्या असतात. सुईतून येतात सुट्या पेशी, आवरण येत नाही. खोलीतल्या चार विटा बघून भिंतीला भगदाड आहे का ते सांगा, असा हा प्रकार. म्हणून अर्धी ग्रंथी काढून भिंतच तपासावी लागते. आणि त्यातल्या बऱ्याच गाठी शेवटी साध्या निघतात. म्हणजे ऑपरेशन झालं, काहींना आयुष्यभराची गोळी लागली, आणि कॅन्सर नव्हताच! रक्ताच्या चाचणीची ओढ इथून आली आहे.

थायरोग्लोब्युलिन: एक आकडा, दोन अर्थ

लॅबच्या यादीत हे नाव दिसलं की लोकांना वाटतं हाच कॅन्सरचा मार्कर. खरं तर हे प्रथिन थायरॉइडच्या निरोगी पेशीही बनवतात. साधी गाठ, गलगंड, ग्रंथीची सूज, कशानेही ते वाढतं. त्यामुळे ग्रंथी जागेवर असताना या आकड्यावरून कॅन्सर आहे की नाही ते ठरत नाही.

पण कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढली आणि उरलेल्या पेशी रेडिओआयोडीनने नष्ट केल्या की चित्र उलटतं. आता हे प्रथिन बनवणारं कोणी उरलेलंच नाही. तरीही आकडा चढायला लागला, तर थायरॉइडच्या पेशी कुठेतरी शिल्लक आहेत. चाचणी तीच, पण आता ती खूप कामाची. फक्त सोबत अँटिबॉडीही बघावी लागते, कारण ती असेल तर आकडा फसवा येतो.

कॅल्सिटोनिन

हा निदानाआधीही उपयोगी पडतो, पण एकाच प्रकारात: मेड्युलरी कॅन्सर. तो थायरॉइडच्या सी पेशींतून होतो आणि त्या पेशी कॅल्सिटोनिन बनवतात. यातले काही रुग्ण आनुवंशिक असतात, रेट नावाच्या जनुकातल्या बदलामुळे. घरात कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

मग ‘मॉलिक्युलर’ काय?

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या गटाने एक सुंदर कल्पना तपासली. टीएसएच हे संप्रेरक पकडणारा रिसेप्टर थायरॉइडच्या पेशींवर असतो. कॅन्सरच्या पेशी सुटून रक्तात आल्या, तर त्या रिसेप्टरचा एमआरएनए रक्तात सापडायला हवा. शोधायचा कसा? पीसीआरने, जे कोविडमुळे आपल्याला पाठ झालंय. २०१० मध्ये त्यांनी १,७५८ नमुन्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की आकडा एकटा वापरायचा नव्हता. अधांतरी गाठीत सुईचा रिपोर्ट, सोनोग्राफी आणि हा आकडा एकत्र बघून ऑपरेशन ठरवायचं होतं.

ही चाचणी रोजच्या वापरात रुळली नाही. रक्तात अशा पेशी फार थोड्या असतात, आणि एमआरएनए इतका नाजूक की नमुना हाताळतानाच तुटतो. आज अधांतरी गाठीसाठी ज्या मॉलिक्युलर चाचण्या अमेरिकेत वापरतात, अफर्मा किंवा थायरोसेक, त्या सुईने काढलेल्या नमुन्यावर होतात, रक्तावर नाही.

थोडं गणित

समजा एक चाचणी १०० कॅन्सरपैकी ९० पकडते आणि निरोगींपैकी फक्त ५ टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. आकडे मी उदाहरणासाठी धरलेत.

आधी ४०० अधांतरी गाठी घ्या, त्यात १०० कॅन्सर. पॉझिटिव्ह येतील ९० खरे आणि १५ खोटे. वा!

आता तीच चाचणी १०,००० धडधाकट लोकांवर लावा, त्यात १० कॅन्सर. पॉझिटिव्ह येतील ९ खरे आणि सुमारे ५०० खोटे. म्हणजे ५०० जणांची झोप उडाली. चाचणी बदलली नाही, माणसं बदलली.

हे नुसतं कागदावरचं नाही. दक्षिण कोरियात १९९९ पासून राष्ट्रीय तपासणी मोहीम सुरू झाली आणि तिच्याबरोबर थायरॉइडची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यूचं प्रमाण मात्र जिथल्या तिथे. ऑपरेशन झालेल्या १५,००० हून जास्त लोकांच्या विमा नोंदी तपासल्या, तर ११ टक्क्यांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी मंदावलेल्या होत्या आणि २ टक्क्यांची स्वरतंतूची हालचाल गेली होती. यातले कित्येक कॅन्सर सापडले नसते तरी काही बिघडलं नसतं.

तर मावशींनी काय विचारावं?

बेथेस्डाचा गट कोणता? सोनोग्राफीत गाठ किती संशयास्पद दिसते? सुई पुन्हा घालून, किंवा त्याच नमुन्यावर मॉलिक्युलर चाचणी करून काही हाती लागेल का? लगेच ऑपरेशन न करता लक्ष ठेवलं तर चालेल का? आणि प्रत्येक चाचणीआधी एक प्रश्न नक्की: ‘पॉझिटिव्ह आली तर काय करणार, निगेटिव्ह आली तर काय करणार?’ दोन्हीचं उत्तर एकच असेल, तर ती चाचणी कशासाठी, तेही विचारा.

आणि काही त्रास नसताना, फुल बॉडी पॅकेजमध्ये आहे म्हणून थायरोग्लोब्युलिन करून घेऊ नका. आलेला आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हेच कोणाला सांगता येणार नाही.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!