राजाशेजारचा डाग

अहमदनगरचा हुसेन निजामशहा सिंहासनावर बसला आहे. शेजारी बेगम खुंझा हुमायूँ असायला हवी, पण तिच्या जागी नुसता गढूळ डाग आहे.

हे चित्र पुण्यात, सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात असलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या पोथीतले. कवी आफताबी, काळ साधारण 1565 ते 1569. तालिकोटची लढाई जिंकली त्याच वर्षी, 1565 मध्ये, हुसेन वारला. मुलगा मूर्तझा लहान होता, म्हणून कारभार बेगमेने पाहिला. 1569 मध्ये त्याच मुलाने आईला कैदेत टाकले. पोथीतल्या तिच्या आकृती त्यानंतर मिटवल्या गेल्या, असे मानतात.

आज पाहणाऱ्याला राजा एकाकी वाटतो. हा एकाकीपणा मूळ चित्रकाराने रंगवलेलाच नाही. कवीने बेगमेचे कौतुक गायले आहे आणि चित्रांतही शृंगारच आहे. एका पानावर तर सुंदरीचा हात लागताच झाड फुलते: संस्कृत काव्यातला दोहद, तोही फारसी पोथीत! म्हणून भाव वाचण्याआधी कोणता थर कोणाच्या हातचा, हे ठरवायला हवे.

इथे विज्ञान कामाला येते. लघुचित्रात आधी रेखाटन, मग डिंकात खललेल्या रंगांचे पातळ थर, शेवटी अकीकाच्या दगडाने घोटाई. रेखाटन काजळीचे असेल तर ती अवरक्त किरण शोषते. वरचे बरेच रंग मात्र ते आरपार जाऊ देतात. त्यामुळे वरून रंग फासलेला असेल, तर अवरक्त कॅमेऱ्यात खालचा चेहरा उमटू शकतो.

दुसरे साधन चाकण पट्ट्यातल्या कामगारांच्या ओळखीचे. पोलाद कोणत्या ग्रेडचे हे तपासायला पिस्तुलासारखे एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे) यंत्र रोखतात, तेच चित्रावरही रोखता येते. लाल रंग हिंगुळाचा असेल तर पारा दिसतो, पांढरा सफेद्याचा असेल तर शिसे. निळीपुढे मात्र यंत्र हात टेकते, कारण कार्बन, हायड्रोजनसारखी हलकी मूलद्रव्ये त्याला दिसतच नाहीत.

आणि आकृती झाकण्याऐवजी ओल्या बोटाने घासून काढली असेल, तर अवरक्त कॅमेऱ्याच्याही हाती फारसे लागत नाही. तेव्हा सगळ्यात स्वस्त उपाय उरतो: बाजूने तिरपा उजेड टाकायचा आणि कागदाचे तंतू कुठे, कोणत्या दिशेने उसवलेत ते पाहायचे.