चीजचं चीज झालं!

एका चीज स्लाइसनं कॉपीराइट ऑफिसला नमवलं, माहीत आहे का? ‘अ सिंगल पीस ऑफ अमेरिकन चीज’ हे एआयनं काढलेलं चित्र. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसनं आधी नकार दिला. मग निर्मात्यानं चित्राचा एकेक तुकडा निवडून, जवळपास ३५ वेळा बदलून ते कसं रचलं, हे दाखवून दिलं. जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी पक्की. मेहनतीचं चीज!

आणि ६२४ प्रॉम्प्ट? ते पडले कमी! जेसन ॲलन यांच्या एआय चित्रानं २०२२ मध्ये कोलोराडो स्टेट फेअरमध्ये पहिलं बक्षीस पटकावलं, पण २०२३ मध्ये नोंदणी नाकारली गेली. फरक बारीक आहे, तरी मला पटतो. नुसतं सांगणं वेगळं, स्वतः निवडून रचणं वेगळं.

‘हे तर मशीननं केलं!’ हा आक्षेप किती जुना, माहीत आहे का? थेट १८८४ चा! लेखक ऑस्कर वाइल्ड यांच्या फोटोवरून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात खटला रंगला. फोटो तर कॅमेरा काढतो, माणसाचं त्यात काय? कोर्ट म्हणालं, पोज, पोशाख, प्रकाश, सगळं फोटोग्राफरनं ठरवलं. कॉपीराइट त्याचाच!

माकडाची बाजू मात्र लंगडी पडली. इंडोनेशियातल्या नारुतोनं २०११ मध्ये क्लिक केला झकास सेल्फी. ‘पेटा’ ही संस्था त्याच्या वतीनं कोर्टात गेली. २०१८ चा निकाल: कॉपीराइट कायद्याखाली प्राण्यांना दावा लावता येत नाही.

गंमत पुढेच आहे. स्टीफन थेलर यांनी आपल्या ‘क्रिएटिव्हिटी मशीन’लाच चित्राचा कर्ता म्हणून पुढे केलं. २०२३ मध्ये न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी दावा फेटाळला, आणि निकालपत्रात वाइल्ड यांचा फोटो अन् ते माकड, दोघांचेही दाखले!

आता आपल्याकडे या. २०२० मध्ये भारतात एका एआयला चक्क सहलेखकाचा मान मिळाला, माहीत आहे का? त्याचं नाव ‘राघव’! ‘सूर्यास्त’ हे चित्र वकील अंकित साहनी आणि राघव यांच्या जोडनावानं नोंदलं गेलं. एकट्या राघवच्या नावाचा अर्ज आधीच फेटाळला होता. पुढे कॉपीराइट ऑफिसनंच नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. राघवचा सूर्योदय झाला न झाला तोच ‘सूर्यास्त’!

खरं तर आपला कायदा काळाच्या बराच पुढे धावला होता. कॉम्प्युटरनं तयार केलेल्या कृतीचा लेखक कोण? जो माणूस ती घडवून आणतो तो. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीतली, म्हणजे चॅटजीपीटीच्या तब्बल २८ वर्षं आधीची!

एआयनं काय बनवलं ते झालं, पण ते शिकतं कुणाच्या कामावर? गाणी नसलेला अल्बम ऐकलाय? फेब्रुवारी २०२५ मध्ये हजारहून अधिक ब्रिटिश संगीतकारांनी काढला. १२ ट्रॅक, सगळे रिकाम्या स्टुडिओंचे! ट्रॅकची नावं ओळीनं वाचली की मागणी तयार: ब्रिटिश सरकारनं एआय कंपन्यांच्या फायद्यासाठी संगीताची चोरी कायदेशीर करू नये. शाब्बास! ज्यांच्या गाण्यांवर मशीन शिकतं, त्यांना विचारायला नको?

आता आकडा ऐका: दीड अब्ज डॉलर! पुस्तकांच्या पायरेटेड प्रतींवरून लेखकांनी अँथ्रॉपिक या एआय कंपनीवर दावा ठोकला आणि २०२५ मध्ये एवढ्या रकमेवर तडजोड झाली. पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर. त्याआधी न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी काय म्हटलं होतं? विकत घेतलेली पुस्तकं स्कॅन करून एआयला शिकवलंत, चालेल. पायरेटेड प्रतींची लायब्ररी थाटलीत, नाही चालणार!

आणि आवाज? कॉपीराइट गाण्याला आहे, गळ्याला नाही. म्हणून मुंबई हायकोर्टात वेगळंच अस्त्र निघालं: व्यक्तिमत्त्व हक्क. २०२४ मध्ये अरिजित सिंगनं ते वापरलं, २०२५ मध्ये आशा भोसले यांनी. परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची एआय नक्कल करायला हायकोर्टानं दोन्ही वेळा मनाई केली!